लाखो नोंदींतून एक निरोप

बँकेत झालेला व्यवहार, दुकानात विकलेली वस्तू, बसमधल्या जीपीएस यंत्राने कळवलेला ठावठिकाणा, मोबाइलच्या पडद्यावर टेकलेले बोट, या प्रत्येक गोष्टीची आज कुठे ना कुठे नोंद होते. अशा नोंदी गोळा करून, गाळून, त्यांचा हिशेब लावणाऱ्या यंत्रणेला डेटा प्लॅटफॉर्म म्हणतात. दुसरीकडे कार्यालयांतल्या रोजच्या बोलण्याचा मोठा भाग ईमेलवरून चॅट ॲपवर सरकला आहे. स्लॅक, मायक्रोसॉफ्ट टीम्स, झोहो क्लिक, मॅटरमोस्ट ही त्यांतली परिचित नावे. या दोन गोष्टी जोडल्या, की नोंदींमध्ये काही वावगे दिसताच त्याची खबर संबंधित माणसांना ती दिवसभर जिथे बोलत असतात तिथेच मिळते, आणि तिथूनच त्यांना यंत्रणेला उलट प्रश्नही विचारता येतो. पुण्यातल्या हिंजवडी, खराडी, बाणेर, मगरपट्टा इथल्या आयटी कंपन्यांत ही जोडणी रोजच्या कामाचा भाग झाली आहे. ती करायला अनेकदा तासभरही लागत नाही. ती नीट चालवणे मात्र अवघड, कारण एका टोकाला सेकंदाला लाखो नोंदी पेलणारे यंत्र असते आणि दुसऱ्या टोकाला एका वेळी एकच वाक्य वाचू शकणारा माणूस.

दोन्ही टोकांचा पुण्याशी संबंध आहे. नोंदींचा प्रवाह वाहून नेण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक प्रमुख यंत्रणा म्हणजे अपाची काफ्का. जे क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जून राव यांनी ती लिंक्डइन कंपनीत घडवली आणि २०११ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. नेहा नारखेडे पुण्यात वाढल्या. धनकवडीच्या पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजीत, म्हणजे पीआयसीटीत, त्या अभियांत्रिकी शिकल्या आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेत जॉर्जिया टेकला गेल्या. २०१४ मध्ये या तिघांनी काफ्काच्या आधारावर कॉन्फ्लुएंट ही कंपनी काढली. जून २०२१ मध्ये ती नॅसडॅक शेअर बाजारात आली. चॅटच्या टोकाला स्लॅकने भारतातले आपले कार्यालय पुण्यातच थाटले. अपाची एपेक्स या प्रवाही डेटावर काम करणाऱ्या आणखी एका खुल्या प्रकल्पामागे असलेल्या डेटाटोरेंट कंपनीचा अभियंत्यांचा चमूही पुण्यात होता. त्या प्रकल्पाच्या जोडीच्या संग्रहाचे नाव ‘मल्हार’. एपेक्स पुढे बंद पडला, पण प्रवाही डेटाचे काम इथल्या अभियंत्यांच्या हाताखालून कधीपासून जात आहे, ते त्यावरून कळते.

काफ्का कशासाठी जन्मली हे समजले की जोडणीचे निम्मे कोडे सुटते. मोठ्या कंपनीत नोंदी निर्माण करणाऱ्या यंत्रणा अनेक असतात आणि त्या हव्या असणाऱ्याही अनेक. दहा ठिकाणांहून माहिती दहा ठिकाणी थेट पोचवायची तर शंभर जोडण्या सांभाळाव्या लागतात. काफ्काने मध्ये एक सामायिक रोजमेळ ठेवला. प्रत्येक नवी नोंद त्याच्या शेवटी लिहिली जाते, मागची खोडली जात नाही. रोजमेळाच्या प्रत्येक विषयाला टॉपिक म्हणतात, टॉपिकचे तुकडे म्हणजे पार्टिशन, आणि तुकड्यातला नोंदीचा अनुक्रमांक म्हणजे ऑफसेट. वाचणारा कार्यक्रम आपण कुठल्या ऑफसेटपर्यंत आलो एवढे लक्षात ठेवतो आणि आपल्या वेगाने पुढे सरकतो. त्याने वाचली म्हणून नोंद नाहीशी होत नाही. वेगळी मुदत ठरवली नसेल तर ती सात दिवस राहते, आणि दुसरा वाचक तीच नोंद वेगळ्या कामासाठी पुन्हा वाचू शकतो. लिंक्डइनने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या आकड्यानुसार तिथली काफ्का दिवसाला ७ लाख कोटी निरोप हाताळत होती.

स्लॅकचा जन्म खेळातून झाला. स्टुअर्ट बटरफिल्ड यांची कंपनी ग्लिच नावाचा ऑनलाइन खेळ बनवत होती. खेळ चालला नाही, पण तो बनवताना चमूने आपसांत बोलण्यासाठी तयार केलेले साधन तरले आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वांसाठी उपलब्ध झाले. जुलै २०२१ मध्ये सेल्सफोर्सने कंपनी विकत घेतली. सौदा २,७७० कोटी डॉलरच्या घरातला होता. चॅटच्या खोलीत माणसांबरोबर यंत्रानेही बोलावे ही कल्पना स्लॅकच्या खूप आधीची. १९८८ पासून चालत आलेल्या आयआरसी या चॅट व्यवस्थेत बॉट होते, आणि गिटहबच्या अभियंत्यांनी ह्युबॉट नावाचा बॉट तयार करून सर्व्हरची कामे चॅटमधूनच करायला सुरुवात केली होती. स्लॅकने हे सोपे केले, आणि त्यामुळे ते संगणकतज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेरही पोचले.

सर्वांत साधी जोडणी वेबहुकची. स्लॅकमध्ये एखाद्या चॅनेलसाठी वेबहुक मागितला की एक लांबलचक वेब-पत्ता मिळतो. डेटा प्लॅटफॉर्मवरच्या कार्यक्रमाने त्या पत्त्यावर ठरावीक साच्यातला मजकूर पाठवला की तो त्या चॅनेलमध्ये उमटतो. प्रोग्रामच्या जेमतेम दहा ओळी. तेवढ्याही लिहायच्या नसतील तर अपाची नायफायसारखे साधन आहे. ते मूळचे अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत तयार झाले आणि २०१४ मध्ये खुले झाले. त्यात पडद्यावर चौकोन मांडून त्यांना रेषांनी जोडायचे असते, आणि स्लॅकला निरोप धाडणारा चौकोन तयारच मिळतो. वेबहुकची मर्यादा अशी की तो फक्त बोलतो, ऐकत नाही. चॅनेलमधले उत्तर वाचायचे, टाकलेला निरोप नंतर बदलायचा किंवा प्रत्येक चॅनेलसाठी वेगळा वेबहुक न घेता अनेक चॅनेलमध्ये लिहायचे असेल तर बॉट लागतो. बॉटला ओळख म्हणून टोकन मिळते आणि कोणत्या गोष्टींची मुभा आहे ते त्या टोकनाबरोबरच ठरते.

इथपर्यंत सगळे सुरळीत असते. अडचण येते ती वेगाच्या फरकामुळे. स्लॅक एका वेबहुकला साधारणपणे सेकंदाला एकच निरोप टाकू देते. क्षणिक उसळी चालते, सततची नाही. मर्यादा ओलांडली की स्लॅकच्या सर्व्हरकडून ४२९ क्रमांकाचे उत्तर येते आणि किती सेकंदांनी पुन्हा यावे तेही त्यात सांगितलेले असते. नवखा कार्यक्रम हे उत्तर वाचतच नाही, लगेच पुन्हा धडक मारतो आणि तिकडे आणखी निरोप तुंबत जातात. जाणता कार्यक्रम तेवढा वेळ थांबतो. काफ्का मध्ये असेल तर थांबण्यात काही बिघडत नाही, कारण न पाठवलेल्या नोंदी टॉपिकमध्ये सुरक्षित असतात. पण ही तांत्रिक मर्यादा शिथिल झाली तरी खरी मर्यादा तशीच राहील. सेकंदाला एक म्हणजे तासाला ३,६०० निरोप. ते वाचणार कोण?

म्हणून प्लॅटफॉर्म आणि चॅट यांच्यामध्ये गाळणी हवी, आणि विचार करायला लावणारे काम इथेच आहे. प्रत्येक नापास व्यवहारावर निरोप पाठवायचा नसतो; पाच मिनिटांच्या खिडकीत किती नापास झाले, ते नेहमीपेक्षा जास्त आहेत का, हे पाहायचे असते. अपाची स्पार्क किंवा अपाची फ्लिंकसारख्या यंत्रणा प्रवाहाच्या अशा खिडक्या पाडून मोजणी करतात. उशिरा पोचलेली नोंद कुठल्या खिडकीत धरायची हेही आधी ठरवावे लागते, कारण नेटवर्क खराब असलेल्या भागातला मोबाइल आपली नोंद दहा मिनिटांनी पाठवू शकतो.

‘नेहमीपेक्षा’ या शब्दाची व्याख्या पंचाईत करते. घरपोच सामान पोचवणाऱ्या एखाद्या कंपनीचे उदाहरण घ्यावे. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्ता आणि आसपासचे रस्ते विसर्जन मिरवणुकीसाठी बंद असतात. त्या दिवशी पेठांतल्या पत्त्यांवर सामान पोचायला लागणारा वेळ आदल्या आठवड्याच्या त्याच वाराशी ताडून पाहिला तर यंत्राला सगळीकडे संकट दिसेल आणि चॅनेल लाल निरोपांनी भरून जाईल. बिघाड काहीच नसतो, मिरवणूक चालू असते. म्हणून सण, सुट्ट्या आणि महिन्याच्या सुरुवातीला होणारे पगार यांचे पंचांग गाळणीच्या नियमांत घालावे लागते, आणि ते काम गावाची नाडी ओळखणाऱ्या माणसाचे आहे. खोटे इशारे वारंवार आले की माणसे चॅनेल म्यूट करतात. म्यूट केलेल्या चॅनेलमध्ये आलेला खरा इशारा न आल्यासारखाच. फारसे निरोप न पाठवणारी जोडणी निकामी वाटू शकते, पण आठवड्यातून दोनदा बोलणाऱ्या चॅनेलकडे माणसे लक्ष देतात.

गाळणीतून जे उरते ते कसे लिहायचे, हाही मुद्दा महत्त्वाचा. बऱ्याच कंपन्यांत इशारा असा येतो: ‘जॉब फेल. एक्झिट कोड १३७.’ यात चूक काही नाही, पण झोपेतून उठलेल्या माणसाला उपयोगही नाही. लिनक्सवर १३७ म्हणजे १२८ अधिक ९. नवव्या क्रमांकाचा संकेत देऊन प्रक्रिया जबरदस्तीने बंद केली गेली, आणि बहुतेक वेळा त्याचे कारण मेमरी संपणे हे असते. हे निरोप लिहिणाऱ्या कार्यक्रमालाच सांगता येते. तोच इशारा असा लिहिता येईल: ‘रात्रीचा ताळमेळ २.१४ ला थांबला. मेमरी संपली असावी. पहिल्या तीन पायऱ्या पूर्ण, चौथी अपुरी. सकाळी ७ पर्यंत पूर्ण न झाल्यास ग्राहकांना कालची शिल्लक दिसेल. आज जबाबदारी: ऑन-कॉल क्रमांक १. पुन्हा चालवण्यासाठी खालचे बटण.’ काय झाले, किती बिघडले, केव्हापर्यंत वेळ आहे, कोणी पाहायचे आणि पहिले पाऊल कोणते, हे सगळे पाच-सहा वाक्यांत बसते. लघुरूपे आणि अंकांचे ढीग टाळून असा निरोप लिहिणे ही लेखनाचीच शिस्त आहे, आणि आयटी शिक्षणात तिला फार कमी जागा मिळते.

पुण्यासाठी हा मुद्दा दुप्पट मोलाचा. इथल्या अनेक कंपन्यांचे ग्राहक अमेरिकेत आहेत. कॅलिफोर्निया उन्हाळ्यात भारतापेक्षा साडेबारा तास मागे असते, हिवाळ्यात साडेतेरा. पुण्यात रात्रीचे सव्वादोन वाजतात तेव्हा तिथे उन्हाळ्यात दुपारचे पावणेदोन, म्हणजे भर कामाची वेळ. त्यामुळे डेटाचा लोंढा मोठा असतो तेव्हाच इथला ऑन-कॉल, म्हणजे बिघाड पाहण्याची पाळी असलेला, अभियंता झोपलेला असतो. निरोप वाचून लॅपटॉप उघडायचा की सकाळपर्यंत थांबायचे, हे त्याला अर्धवट झोपेत ठरवायचे असते. चांगला निरोप त्याची रात्र वाचवतो.

आता निरोपांच्या मोजणीतला एक खोल प्रश्न. काफ्कातून नोंद वाचायची, स्लॅकला पाठवायची आणि मग ‘इथपर्यंत झाले’ म्हणून ऑफसेटची खूण करायची, असा क्रम ठेवला आणि पाठवणे व खूण करणे यांच्या मधल्या क्षणी कार्यक्रम कोसळला, तर पुन्हा सुरू झाल्यावर तोच निरोप दुसऱ्यांदा जातो. क्रम उलटा केला, आधी खूण आणि मग पाठवणे, तर त्याच प्रसंगी निरोप कायमचा हरवतो. दोन स्वतंत्र यंत्रणांमध्ये ही फट पूर्णपणे बुजवता येत नाही. इशाऱ्यांच्या बाबतीत बहुतेक अभियंते पहिला क्रम निवडतात, आणि ते योग्यच आहे: दोनदा आलेला इशारा त्रास देतो, न आलेला नुकसान करतो. दुहेरी निरोपाचा त्रास कमी करायला प्रत्येक घटनेला एक ओळखक्रमांक देऊन ठेवतात. त्या क्रमांकाचा निरोप आधी गेला असेल तर नवा न टाकता जुनाच दुरुस्त करतात किंवा त्याच्या थ्रेडमध्ये, म्हणजे त्याच्याखालच्या उत्तरांच्या साखळीत, पुढची हकिगत जोडतात. स्लॅकमध्ये प्रत्येक निरोपाची ओळख त्याच्या चॅनेलवरून आणि वेळेच्या ठशावरून ठरते. तो ठसा जपून ठेवला की हे साधते. एका बिघाडाचा एकच थ्रेड राहिला तर दुसऱ्या दिवशी तो वरपासून खालपर्यंत वाचून नेमके काय घडले ते समजते.

उलट दिशेने, म्हणजे चॅटमधून प्लॅटफॉर्मकडे, गेले की वेगळेच नियम लागू होतात. कोणी चॅनेलमध्ये आज्ञा टाइप केली किंवा बटण दाबले, की स्लॅक ती गोष्ट कंपनीच्या सर्व्हरला कळवते आणि तीन सेकंदांत पोच मागते. डेटाचे काम तीन सेकंदांत होत नाही. कोट्यवधी नोंदींवरची एखादी विचारणा दहा मिनिटेही घेते. म्हणून आधी ‘मिळाले, काम सुरू केले’ एवढी पोच द्यायची, काम रांगेत टाकायचे आणि निकाल नंतर पाठवायचा. स्लॅक त्यासाठी एक तात्पुरता पत्ता देते. तो तीस मिनिटे चालतो आणि त्यावर पाच वेळाच उत्तर देता येते. काम त्याहून लांबले तर बॉटला आपल्या टोकनावर स्वतंत्र निरोप टाकावा लागतो. चॅनेलमधल्या घडामोडी ऐकणाऱ्या बॉटला वेळेत पोच देता आली नाही, तर स्लॅक तीच घटना तीन वेळा पुन्हा पाठवते: जवळजवळ लगेच, मग मिनिटाने, मग पाच मिनिटांनी. हे माहीत नसलेला कार्यक्रम एकाच आज्ञेवर चार वेळा काम सुरू करतो, आणि ते काम ग्राहकांना पैसे परत करण्याचे असेल तर परिणाम गंभीर होतो.

आज्ञा खरोखर स्लॅककडूनच आली का, हे तपासणे अनिवार्य. स्लॅक प्रत्येक विनंतीबरोबर वेळ आणि एक सही पाठवते. वेळ आणि विनंतीचा पूर्ण मजकूर एका गुप्त किल्लीने गणिती पद्धतीने मळून ही सही तयार होते. कंपनीचा सर्व्हर आपल्याजवळच्या किल्लीने तेच गणित करतो. उत्तर जुळले तरच आज्ञा मानतो. वेळ पाच मिनिटांहून जुनी असेल तर ती नाकारतो, म्हणजे कोणी जुनी विनंती पकडून पुन्हा पाठवली तरी ती चालत नाही. वेबहुकच्या बाजूला एवढे कडेकोट काही नसते. तो पत्ता ज्याच्या हाती पडेल तो चॅनेलमध्ये काहीही लिहू शकतो. तरीही असे पत्ते प्रोग्रामच्या फायलींत उघडे ठेवले जातात आणि त्या फायली सार्वजनिक भांडारात जातात. पत्ता आणि टोकन गुपितांच्या वेगळ्या कोठारात ठेवणे आणि बॉटला लागेल तेवढीच परवानगी देणे, या दोन गोष्टींना खर्च जवळजवळ शून्य आहे.

निरोपात काय लिहू नये, हे कायद्यानेही ठरते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा भारताने २०२३ मध्ये केला. सुरक्षेत कसूर झाल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नापास व्यवहाराच्या इशाऱ्यात ग्राहकाचे नाव, मोबाइल आणि पॅन क्रमांक टाकला तर ती माहिती चॅनेलमधल्या प्रत्येकाच्या फोनवर पोचते आणि ती कोणी कुठे उतरवून घेतली याचा माग राहत नाही. व्यवहाराचा अंतर्गत क्रमांक पुरेसा असतो. तपशील ज्याला हवा त्याने परवानगी घेऊन मूळ यंत्रणेत पाहावा. सायबर घटना हाताळणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या आदेशानुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात आणि यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपावे लागतात. रात्री दोनला चॅनेलमध्ये आलेला इशारा सकाळी नऊला वाचला तर ती मुदत उलटून गेली असा अर्थ निघू शकतो. आणि चॅनेल हा लॉग नव्हे. स्लॅकच्या फुकट योजनेत नव्वद दिवसांपलीकडचे निरोप दिसतच नाहीत.

चॅट आणि प्रवाही डेटा यांचा सर्वांत बोलका अनुभव स्लॅकच्याच घरचा आहे. स्लॅकमध्ये एक निरोप टाकला की मागे बरीच कामे सुरू होतात: इतरांच्या फोनवर सूचना, दुव्याची झलक, स्मरणपत्रे, बिलाचे हिशेब. ही कामे एका रांगेत जातात, आणि ती रांग पूर्वी रेडिस या मेमरीत चालणाऱ्या साठ्यावर होती. एकदा डेटाबेसवर ताण आल्याने कामे उरकण्याचा वेग मंदावला, रांग वाढत गेली आणि रेडिसची मेमरी भरली. नवे काम आत घेता येईना. त्याहून वाईट म्हणजे रांगेतले काम बाहेर काढायलाही थोडी मोकळी मेमरी लागत होती, आणि तीही उरली नव्हती. डेटाबेस सावरल्यावरही रांग आपोआप मोकळी झाली नाही. माणसांना हाताने सोडवावी लागली. यानंतर स्लॅकने रेडिसच्या पुढे काफ्का आणून ठेवली, म्हणजे साठा मेमरीऐवजी डिस्कवर आणि प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती. २०१७ च्या अखेरीस कंपनीने दिलेल्या माहितीनुसार ही व्यवस्था गर्दीच्या दिवशी १४० कोटींहून अधिक कामे पार पाडत होती, शिखर वेग सेकंदाला ३३,०००.

शेवटी, ही जोडणीच तुटली तर? ४ जानेवारी २०२१ हा सुट्ट्यांनंतरचा पहिला कामाचा दिवस होता आणि स्लॅक जगभर कोलमडले. मूळ दोष क्लाउडच्या नेटवर्कमध्ये होता, पण त्याच नेटवर्कवर स्लॅकचे स्वतःचे इशारे आणि तक्ते अवलंबून असल्याने तिथल्या अभियंत्यांना आपलाच बिघाड धड पाहता येईना. ज्या कंपन्यांचे सगळे इशारे फक्त स्लॅकवर जात होते, त्यांनाही त्या काळात चॅनेल शांत दिसले असणार. म्हणून गंभीर इशाऱ्यांना फोन कॉल किंवा एसएमएसची दुसरी वाट ठेवतात, आणि ती चॅटच्या नेटवर्कवर अवलंबून नसेल असे पाहतात. जोडणी जिवंत आहे हे कळावे म्हणून प्लॅटफॉर्मवरून दर काही मिनिटांनी एक कृत्रिम घटना सोडतात. ती प्रवाहातून, गाळणीतून जाऊन चाचणीच्या चॅनेलमध्ये उमटली का, हे तिसराच कार्यक्रम तपासतो आणि ती ठरल्या वेळेत उमटली नाही तर ऑन-कॉल अभियंत्याला थेट फोन लावतो.